सात टक्के, पण कशावर?

कोलकात्यातल्या मराठी मंडळींत एक पद्धत पडून गेली होती. कुणाला कर्ज काढायचे असले की जामीन त्यांच्या मंडळातलाच मिळायचा. परमुलखात आपल्या माणसाने आपल्या माणसासाठी सही करायची, यात विचारण्यासारखे काही नव्हते. आणि जामीन राहणाऱ्याने कागद वाचायचा नाही. वाचला तर समोरच्यावर विश्वास नाही असा अर्थ व्हायचा. चहा येईपर्यंत सही झालेली असायची, आणि चहा पिताना गप्पा भलत्याच विषयावर चालायच्या.

ही पद्धत न मानणारी एकच व्यक्ती होती, सुनीतीताई आगाशे. त्यांचा जन्म बागबाजारातला. मुलींच्या शाळेत त्या तीस वर्षे गणित शिकवत होत्या, लग्न केलेले नव्हते. शाळेत त्या सुनीतीदी आणि मंडळात सुनीतीताई. कागद पुढे केला की त्या चष्मा पुसत आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागत. त्यामुळे लोक त्यांच्याकडे जामीन मागायला जात ते बाकी सगळी दारे पाहून झाल्यावर.

दिनकर मोघेही असाच शेवटी गेला. १९७२ सालच्या जानेवारीतला रविवार होता. दोन जामिनांपैकी पहिली सही त्याला मिळालेली होती. दुसरी ज्यांनी कबूल केली होती, त्यांची अचानक दिल्लीला बदली झाली. कंपनीने तर मंगळवारपर्यंत कागद मागितले होते.

दिनकर केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होता, डलहौसी स्क्वेअरच्या कचेरीत. नागपूरहून दोन वर्षांसाठी म्हणून आला, त्याला आता अकरा वर्षे होत आली होती. परत जायचेच आहे म्हणून कमलने, त्याच्या बायकोने, पितळेची मोठी भांडी खोक्यातून बाहेर काढलीच नव्हती. मुलगी लीना मात्र इथेच वाढली, सुनीतीताईंच्याच शाळेत होती. मराठी बोलताना ती मधेच बंगालीत घसरायची आणि आपण घसरलो हे तिला कळायचेही नाही. श्यामबाजारच्या घरमालकाने धाकट्या मुलाच्या लग्नासाठी जागा परत मागितली, तेव्हा कमल म्हणाली, "आता पाचवं भाड्याचं घर मी बघणार नाही. सांगून ठेवते. घ्यायचं तर आपलं घ्या, नाहीतर मला माहेरी पोचवा."

बराकपूरला एक घर होते. तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागे आंब्याचे झाड. निवृत्त पोस्टमास्तर सेनगुप्त यांचे. त्या दिवसांत बरीच माणसे घरे विकून मुलांकडे निघून जात होती, त्यांतलेच तेही, जमशेदपूरला निघालेले. किंमत चोवीस हजार. दिनकरकडे भविष्यनिर्वाह निधीतले आणि शिलकीतले मिळून सहा हजार होते. त्यांतले दोन हजार बयाणा म्हणून दिलेले होते. बंगाली वर्ष संपायच्या आत, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत, बाकी रक्कम दिली नाही तर बयाणा बुडणार आणि घर दुसऱ्याला जाणार, असा लेखी करार होता. राहिले अठरा हजार.

ते मंडळातल्याच श्यामकांत फणसळकरने जुळवून आणले होते. तो स्ट्रँड रोडवरच्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीचा एजंट होता. "विम्याच्या कचेरीत साडेआठ टक्के मागतात, मोघे. आमच्याकडे सात! डोळे मिटून घे," तो म्हणाला होता. दिनकरने खरोखरच डोळे मिटून घेतले होते.

"बसा," सुनीतीताई म्हणाल्या. "कमल बरी आहे? आणि आमच्या लीनाबाई? भूमितीत चांगली आहे हो, पण आळशी. आणा कागद."

"साधाच फॉर्म आहे, ताई. शेवटच्या पानावर तेवढी खूण केलीय."

"शेवटच्या पानावर मी शेवटी येईन."

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. समोर बसून आपला कागद असा ओळीओळीने वाचला जावा, हे त्याला चारचौघांत झडती घेतल्यासारखे वाटत होते. चहा आला, निवला. खाली गल्लीत मासळीवाल्याशी कुणाची तरी हुज्जत चालली होती.

"सात टक्के म्हणतात," सुनीतीताई मान वर न करता म्हणाल्या. "पण कशावर?"

"कशावर म्हणजे? अठरा हजारांवर."

"किती वर्षं?"

"बारा. हप्ता महिना दोनशे तीस."

"ते कळलं. पहिल्या वर्षी व्याज अठरा हजारांवर, ठीक आहे. बाराशे साठ रुपये. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताच आहात ना? सव्वाशे रुपये मुद्दल, एकशे पाच व्याज, असं इथे लिहिलंय. म्हणजे सहा वर्षांनी त्यांचे तुमच्याकडे राहिले नऊ हजार. तेव्हा व्याज कशावर?"

दिनकरने मान पुढे करून कागदात पाहिले.

"अठरा हजारांवर," त्यांनीच उत्तर दिले. "शेवटच्या वर्षी राहतील दीड हजार. त्या दीड हजारावर वर्षाचं व्याज घेणार बाराशे साठ. हे सात टक्के झाले?"

"कंपनीचा नियमच असेल तसा," दिनकर म्हणाला. आवाज नको तितका चढला. "आणि ताई, सही करायची नसेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही."

"वाईट तर तुम्ही आत्ताच वाटून घेतलंय." त्या हसल्या. "बरं, मला एक सांगा. गणपतीत त्या डेकोरेटरशी तुम्ही कशावरून भांडलात?"

हे मात्र सगळ्या मंडळाला ठाऊक होते. उत्सवाच्या सामानसुमानाचे काम दिनकरकडे असायचे. पहिल्या दिवशी दोनशे खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर दीडशे परत पाठवल्या. डेकोरेटरने बिल लावले ते पाचही दिवस दोनशे खुर्च्यांचे. दिनकर त्याच्या दुकानात संध्याकाळपर्यंत बसून राहिला होता आणि बिल कमी करून घेऊनच उठला होता.

"परत पाठवलेल्या खुर्च्यांचं भाडं कशाला देईन मी?" तो आवेशात म्हणाला, आणि म्हणता म्हणताच थांबला.

सुनीतीताईंनी बशीने झाकलेला त्याचा कप उघडला, चहा थंड झालेला पाहिला आणि नवा करायला उठल्या.

दिनकरने कागद स्वतःकडे ओढला. पाठकोऱ्या चिठ्ठीवर त्याने बाराशे साठला बाराने गुणले. पंधरा हजार एकशे वीस. अकरा वर्षे तो सरकारचा हिशेब तपासत आला होता. दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्यांतले आठ-आठ आणे त्याने कापले होते. आपल्या घराच्या कागदावर मात्र त्याने फक्त 'सात' एवढाच आकडा वाचला होता.

"व्याजाचा आकडा नुसता पाहायचा नसतो," सुनीतीताई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. "तो कशावर, किती दिवस, आणि मुद्दल कमी झाल्यावर त्याचं काय होतं, हे विचारायचं. श्यामकांत साडेआठवाल्यांना महाग म्हणतो. ते उरलेल्या रकमेवर घेतात का ते पाहा. तसं असेल तर त्यांचा साडेआठ याच्या सातापेक्षा स्वस्त पडेल. नेमका किती, ते मला लॉगची कोष्टकं काढून बघावं लागेल."

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत, ताई?"

त्या चहा घेऊन आल्या. खिडकीबाहेर हात करून म्हणाल्या, "ती कोपऱ्यावरची दुमजली इमारत दिसते? हिरव्या झडपांची? ती बाबांनी घेतलेली. असल्याच कागदावर. नऊ वर्षं हप्ते भरले, मग छापखान्यातली नोकरी गेली आणि घर गेलं. तेव्हा मी कॉलेजात होते. नंतर ते कागद काढून हिशेब मांडला. तेव्हा कळलं की बाबांनी घेतलं होतं त्याच्यापेक्षा जास्त देऊन झालं होतं, आणि तरी मुद्दल निम्म्यावर नव्हतं आलं. बाबांना मी दाखवला नाही तो हिशेब. काय उपयोग होता? घ्या, हा तरी गरम प्या."

दिनकरने चहा प्यायला. मग त्याला दुसरी भीती वाटायला लागली. "मग मी करू काय? कंपनी नाही तर अठरा हजार कुठून आणू? दोन हजार बयाणा बुडेल, आणि घर..."

"तुमची कचेरी घरासाठी पैसे देते ना? सरकारी आहात."

"ते गावी बांधायला, ताई. माझं गाव कागदोपत्री वाई आहे."

"असं कोण म्हणालं?"

रजेच्या प्रवासाची सवलत घेण्यासाठी दरेक नोकराला आपले मूळ गाव लिहून द्यावे लागे. दिनकरने नोकरीला लागल्या लागल्या 'वाई' लिहून दिले होते आणि त्या नोंदीचा त्याला अभिमानही होता. सरकार पैसे देणार ते तिथल्याच घरासाठी, हे त्याने आपले आपणच ठरवून टाकले होते. त्याच्यासारख्या बदल्यांवर फिरणाऱ्या कितीतरी जणांचीही तीच समजूत होती. नियमाचे पुस्तक कपाटात होते, पण ते उघडून पाहायचे कुणाच्या मनात आले नव्हते.

"तुमचं गाव कुठलं, हे सरकारला तुम्ही सांगितलंत," सुनीतीताई म्हणाल्या. "राहणार कुठे, हे कधी सांगितलंत का? उद्या जाऊन विचारा. आणि मंगळवारपर्यंत या कागदावर सही करू नका. माझी तर नाहीच."

घरी येऊन त्याने कमलला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे खुर्च्यांवरून भांडलात आणि घरावरून नाही?"

"तुला ताईंनी शिकवून ठेवलंय का?"

"शिकवायला कशाला हवं? दिसतंय ते."

दुसऱ्या दिवशी तो आस्थापना विभागातल्या लाहिरीबाबूंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. लाहिरीबाबू नियमांचा माणूस. कुणी विचारले नाही तर सांगायचे नाहीत, विचारले तर अर्धा तास सोडायचे नाहीत.

"मोशाय!" दिनकरची शंका ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "ते गाव रजेत आगगाडीचं तिकीट काढायला. घराचा काय संबंध? नोकरीच्या ठिकाणी घ्या, निवृत्त होऊन जिथे बसणार तिथे घ्या. अकरा वर्षं माझ्यासमोरून जाताय, एकदा विचारलं नाहीत!"

त्यांनी पुस्तक काढून परिच्छेदच वाचून दाखवला. पगारातून आधी मुद्दल कापायचे, ते संपले की मग व्याज.

"व्याज मागाहून?" दिनकरने विचारले. आता तो सावध झाला होता. "मग त्या व्याजावर पुन्हा व्याज?"

"नाही. साधं व्याज. महिन्यामागून महिना जेवढं मुद्दल उरलं असेल तेवढ्यावरच." लाहिरीबाबूंनी चष्म्यावरून पाहिले. "आज हे प्रश्न कुठून शिकून आलात?"

"बागबाजारहून," दिनकर म्हणाला.

त्या शनिवारी सुनीतीताईंनी हिशेब तयार ठेवला होता. शाळेच्या वहीचे एक पान, तांबडी रेघ मारलेले. कंपनीचे सात टक्के खरे पाहता साडेअकराच्या जवळ जात होते. साडेआठवाल्यांनी उरलेल्या रकमेवर व्याज घेतले तर त्यांचा हप्ता दोनशे रुपये, म्हणजे कंपनीहून तीस रुपये कमीच. आणि कचेरीचा दर सात धरला, तर तेच अठरा हजार, तीच बारा वर्षे, महिना सव्वाशे. नंतर व्याज द्यायचे ते सात हजार सहाशे बारा रुपये पन्नास पैसे.

"पंधरा हजारांचे साडेसात झाले," दिनकर म्हणाला. "दोन्हीकडे सातच."

"म्हणून तर विचारलं, कशावर."

व्याजाचे ते हप्ते चार वर्षांत फिटले असते. दिनकरला निवृत्तीला सतरा वर्षे होती. सोळा वर्षांत घर मोकळे होणार होते. त्याने पान घडी करून खिशात ठेवले. त्याला काहीतरी बोलायचे होते, पण लीनाच्या भूमितीचा विषय निघाला आणि ते राहून गेले.

पण सरकारी पैसा म्हणजे सरकारी चाल. अर्ज गेला, मालकीहक्काची तपासणी झाली, वकिलाचे मत मागवले गेले, एक कागद कमी पडला, तो आणला. मार्च संपला. एप्रिलचा पहिला आठवडा उजाडला तरी मंजुरी आली नाही. लाहिरीबाबू म्हणाले, "येणार नक्की. मेअखेर, फार तर जून." सेनगुप्तांची मुदत तर दहा दिवसांवर आली होती. श्यामकांतचा निरोप आला होता, कंपनी अजूनही पैसे द्यायला तयार आहे, आठ दिवसांत.

दिनकरला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तो कमलला म्हणाला, "घेऊन टाकतो कंपनीचे. महाग तर महाग. घर हातचं जायला नको."

कमलने पायात चपला घातल्या आणि बागबाजारला गेली.

रविवारी तिघेजण सियालदहून बराकपूरच्या गाडीत बसले, दिनकर, कमल आणि सुनीतीताई. सेनगुप्त अंगणात बनियनवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. दिनकरने मुदतीची गोष्ट काढताच त्यांचा चेहरा उतरला. "मुलगा पत्रावर पत्र टाकतोय. मी थांबू तरी किती?"

मग सुनीतीताई बोलायला लागल्या. त्यांचे बंगाली ऐकून सेनगुप्तांना त्या महाराष्ट्रीय आहेत हे खरेच वाटेना. घराचा विषय त्यांनी काढलाच नाही. बराकपूरच्या पोस्टातल्या जुन्या साहेबाची चौकशी झाली, ताईंच्या एका विद्यार्थिनीचे सासर इथलेच निघाले. मग त्या मागच्या दारी गेल्या आणि झाडाकडे पाहत उभ्या राहिल्या. झाड कैऱ्यांनी लगडले होते.

"हे कुणी लावलं?"

"मी. बायको गेली त्याच्या आदल्या वर्षी."

"एप्रिलात जाल, तर हे आंबे कोण खाणार?"

सेनगुप्तांनी खाली पडलेली एक कैरी उचलली.

"जूनअखेरपर्यंत थांबा," सुनीतीताई म्हणाल्या. "यंदाचे आंबे तुमचे. पाडाला आले की उतरवा, पेटी भरा, नातवंडांना घेऊन जा. मोघे एकाला हात लावणार नाहीत. हवं तर करारात घालू."

दिनकरला वाटले, आता हे चिडणार. पण म्हाताऱ्याने डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "करारात घाला."

दिनकरने जागच्या जागी कागदावर लिहून दिले. मुदत तीस जून, आणि चालू सालचे आंबे विकणाऱ्याचे. कमलने ते वाचले, सुनीतीताईंनी दोनदा वाचले, आणि मग सह्या झाल्या.

मंजुरी एकोणतीस मेला आली. लाहिरीबाबू स्वतः ती घेऊन त्याच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "रसगुल्ले." सगळ्या विभागाला रसगुल्ले मिळाले. श्यामकांतला वाईट वाटू नये म्हणून दिनकर त्याच्याकडे मुद्दाम गेला. श्यामकांत रागावला नाही. जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाला, "मोघे, ते ताईंचं पान आहे का तुझ्याकडे? माझ्या बहिणीला मीच मिळवून दिलंय रे कर्ज, तिथूनच. मला खरंच माहीत नव्हतं." दोघे मिळून पान घेऊन बागबाजारला गेले. पुढे त्या बहिणीने उरलेली रक्कम एकदम भरून ते कर्ज मोकळे केले.

खरेदीखत चोवीस जूनला बराकपूरला झाले. उकाड्याने जीव नको झाला होता. साक्षीदार म्हणून सुनीतीताई आल्या होत्या. सेनगुप्तांनी किल्ल्या दिल्या त्या दिनकरच्या नव्हे, कमलच्या हातात. तिने त्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि पदर मुठीत धरून ठेवला. कमल आणि लीना घर झाडायला मागे थांबल्या. सुनीतीताईंना पोचवायला दिनकर एकटाच त्यांच्याबरोबर निघाला.

दुपारच्या गाडीला गर्दी नव्हती. आज बोलायचेच, असे ठरवून तो आला होता. वाक्ये मनात जुळवून ठेवली होती. तुम्ही नसता तर मी बारा वर्षं पोटाला चिमटा घेत हप्ते भरले असते. नाहीतर कमलला पाचवं भाड्याचं घर बघावं लागलं असतं. आणि त्या दिवशी तुम्ही कागद वाचायला घेतलात तेव्हा मला राग आला होता, त्याचीही माफी मागायची आहे. टिटागढ गेले. तो घसा खाकरून वळला, तर सुनीतीताईंना झोप लागली होती. पर्स मांडीवर, चष्मा नाकावर घसरलेला. गाडीने हिसका दिला तशी त्यांची मान कलली आणि त्याच्या खांद्याला टेकली.

दिनकर हलला नाही. डास चावला तरी हात उचलला नाही. दमदम आले, उलटाडांगा गेले, त्याचा खांदा बधीर झाला, आणि त्याला इतके बरे कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

सियालदला त्या दचकून जाग्या झाल्या. "अरे देवा, झोपले की काय मी? उठवायचं नाही का? खरेदीखताची पावती नीट ठेवलीत ना?"

"ठेवली, ताई," तो म्हणाला, आणि त्यांची पर्स हातात घेऊन आधी उतरला.